नकाशातल्या कोऱ्या जागेत आपण राहतो

(अंजनगाव सुर्जी येथे तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज नकाशाबद्दल बोलायचं आहे. काहींच्या मनात येईल, नोकरी नाही, मजुरी नाही, अत्याचार थांबत नाहीत, आणि हा नकाशा कुठून मधीच काढला? नकाशा म्हणजे शाळेच्या भिंतीवरचा तक्ता, नाहीतर तलाठ्याच्या दप्तरातला फाटका कागद. त्याच्याशी आपलं काय देणंघेणं?

देणंघेणं काय ते ज्या गावात आपण बसलो आहोत त्या गावालाच विचारा. ३० डिसेंबर १८०३ रोजी याच सुर्जी अंजनगावात दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला. आधी २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली होती, १५ डिसेंबरला गाविलगड पडला होता. तहात गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, भडोच, अहमदनगरचा किल्ला इंग्रजांकडे गेला. त्याच महिन्यात देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांच्या हातून सुटला आणि निजामाकडे गेला. पुढे १८५३ मध्ये निजामाने तोच वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पन्नास वर्षांत मालक तीन. शहानूरच्या काठी ज्वारी खुरपणाऱ्या बाईला कोणी विचारलं का, की बाई, तुझं गाव आता कोणाच्या रंगात रंगवायचं? नाही विचारलं. सारा मात्र प्रत्येकाने मागितला.

पहिली गोष्ट ही, की नकाशा हा कधी कोणी हौसेनं काढला नाही. तो काढला राज्य करायला आणि सारा वसूल करायला.

इंग्रजांनी सारा हिंदुस्थान मोजायला घेतला तो १८०२ मध्ये, मद्रासकडून. विल्यम लॅम्बटन नावाचा अधिकारी दक्षिणेकडून मोजत मोजत उत्तरेला निघाला आणि १८२३ मध्ये आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला मेला. त्याची ती मोजणी डोंगरमाथ्यांची होती. आपल्या अंगावर आली ती दुसरी मोजणी, शेताची. १८६० च्या दशकात वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमीन मोजायला सुरुवात झाली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही आपला सातबारा त्याच साखळीच्या हिशेबातून उतरला आहे.

आता त्या मोजणीतून निघालेला गावनकाशा डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक सर्व्हे नंबर आखलेला आहे. नाला आहे, गाडीवाट आहे, हद्दीचे दगड आहेत. आणि मध्ये कुठेतरी एक रेघ फिरवून जागा मोकळी सोडली आहे. तिच्यात लिहिलं आहे ‘गावठाण’. आत काही नाही. पाटलाचा वाडा नाही, देऊळ असलं तर असलं, आणि महारवाडा, मांगवाडा तर नाहीच. कारण साधं आहे. गावठाणावर शेतसारा नव्हता. जिथून सारकारला पैसा नाही तिथे साखळी कशाला ओढायची?

पाटलाला त्या कोऱ्या जागेचा त्रास झाला नाही. त्याचं नाव शेताच्या नंबरावर होतं. ज्याच्या नावावर शेत नव्हतं, त्याचं घर कोऱ्या जागेत आणि माणूसही कोऱ्या जागेत. गावकुसाबाहेर तर आपण होतोच. कागदाच्याही बाहेर राहिलो. पुढे १९६६ च्या जमीन महसूल कायद्याने दोन हजारांवर वस्ती असलेल्या गावांचं गावठाण मोजायची सोय केली. लहान गावं राहिली ती राहिलीच.

आणि यातली खरी चीड आणणारी गोष्ट ऐका. गावाची शीव कोणाला माहीत होती? महाराला. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की साक्षीला उभा राहायचा तो महार. कुठला दगड कुठे पुरला, कुठल्या झाडापासून हद्द वळते, हे बाप पोराला दाखवून मरायचा. सरकारी मोजणीदार आला की त्याच्यापुढे चालणारा, हद्द दाखवणारा गावकामगारही तोच. म्हणजे नकाशा ज्याच्या डोक्यात होता, तो माणूस नकाशात नाही. ज्ञान आमचं, कागद त्यांचा. आमच्या आज्याने जी शीव पायाने चालून राखली, तिच्या आत आम्हाला घरापुरता चौकोनही मिळाला नाही.

हा इतिहास झाला म्हणून सोडून देता आला असता. पण तो अजून संपलेला नाही. आजचं काय ते पाहू.

आपल्या वऱ्हाडात गायरानाला ‘ई-क्लास’ म्हणतात. गावोगाव आपल्या माणसांनी ई-क्लास जमिनीवर वावर काढलं आहे, झोपडं टाकलं आहे. ही जमीन कोणी दान दिली नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले, तेव्हा कुठे या प्रश्नाला तोंड फुटलं. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमानुकूल करायचं ठरवलं. राहत्या घरांसाठी २०१८ मध्ये निर्णय झाला, त्यात तारीख आहे १ जानेवारी २०११. दोन्हीकडे प्रश्न एकच: त्या तारखेला तू तिथे होतास, याला पुरावा काय?

पुरावा म्हणजे तलाठ्याच्या नमुना एक-ई मधली नोंद, दंडाची पावती, घरपट्टीची पावती. तलाठ्याने नोंदच घेतली नसेल तर? पावती पावसात भिजून गेली असेल तर? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या एका खटल्यात देशभरच्या गावसामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनींबद्दल अपवादही लिहिला आहे. तो अपवाद आपल्याला कोणी वाचून दाखवला नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गायरानाचा विषय पुन्हा निघाला आणि गावोगाव नोटिसांचं वारं सुटलं. तेव्हा कितीतरी वस्त्यांत माणसं हातात नोटीस धरून नुसती एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होती. आपलं घर कोणत्या गट नंबरात आहे, हेच ठाऊक नव्हतं. नोटिशीला उत्तर द्यायचं तर आधी नंबर तरी लिहावा लागतो.

दुसरी गोष्ट, ड्रोन. २०२० मध्ये केंद्र सरकारने स्वामित्व योजना काढली. महाराष्ट्रात गावठाण मोजणीचं हे काम त्याच्या आधीच पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात करून पाहिलं होतं. गावठाणावरून ड्रोन उडतो, छायाचित्रं घेतो, त्यावरून घराघराचा नकाशा आणि मिळकत पत्रिका तयार होते. म्हणजे दीडशे वर्षांची कोरी जागा आता भरली जाते आहे. चांगलं आहे. पण ती कशी भरते ते समजून घ्या. ड्रोन उडायच्या आधी जमिनीवर घराघराच्या हद्दीला चुना मारतात. ड्रोनला वरून ती पांढरी रेघ दिसते. ड्रोनला जात नाही. पण चुन्याच्या डब्याला आहे! चुना मारताना तिथे कोण उभं होतं, कोणाच्या सांगण्यावरून रेघ दोन हात आत सरकली, वस्तीतली माणसं त्या दिवशी कामाला वावरात गेली होती का, हे ड्रोनला कळत नाही. एकदा रेघ कागदावर आली की मग चौकशी, आक्षेप, अपील. मजुरी बुडवून तालुक्याला चकरा कोण मारणार?

आणि ही मोजणी गावठाणाची आहे. जे घर गावठाणाच्या रेघेबाहेर ई-क्लासवर आहे, त्याच्या डोक्यावरून ड्रोन गेला तरी पत्रिका निघत नाही. बाहेरचा तो बाहेरच.

तिसरी गोष्ट स्मशानाची आणि वाटेची. मेलेलं माणूस घेऊन जायला वाट नाही म्हणून तंटे होतात हे तुम्ही जाणता. पांदण नांगरून खाल्ली जाते. दरवर्षी धुरा एक तास सरकतो आणि दहा वर्षांनी शेतकरी म्हणतो, इथं वाट होतीच कधी? जुन्या गावनकाशात ती पांदण दोन रेघांनी दाखवलेली असते. विदर्भातल्या गावांना निस्तारपत्रक आहे. चराई, वाट, प्रेत पुरायची जागा यांचे हक्क त्यात लिहायचे असतात. आपल्यातल्या किती जणांनी आपल्या गावचं निस्तारपत्रक डोळ्यांनी पाहिलं आहे? हात वर करा. नाही ना? ते मागायचं असतं, हेच आपल्याला कोणी सांगितलं नाही.

चौथी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. कोणत्या विहिरीचं पाणी गोड, कोणत्या बोअरचं तोंडात धरवत नाही, हे सरकारी नकाशात पट्ट्यापट्ट्याने रंगवलेलं असतं. पण आपल्या गावात गोड पाण्याची विहीर कोणत्या बाजूला आणि वस्तीचा हातपंप कोणत्या बाजूला, हे त्या रंगात दिसत नाही. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर माणसांना नेलं. आज तळ्यावर पहारा नसेल. पण नळाची लाईन कुठपर्यंत आली आणि कुठे थांबली हे कागदावर काढून पाहा. न बोलता सगळं बोलेल.

तेव्हा करायचं काय? आपला नकाशा आपण काढायचा. यात नवीन काही नाही. आपल्यासारख्या माणसांनी हे काम केलेलं आहे.

१९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांची गणना झाली. महापालिका त्यांना हुसकवायला निघाली होती, कारण तिच्या लेखी ती माणसं नव्हतीच. संघटनेने फुटपाथवरच्या बायांना घेऊन झोपडं झोपडं मोजलं. कोण आहे, कुठून आला, काय काम करतो, किती वर्षं इथं आहे. शहर ज्यांना घाण म्हणत होतं ते शहराची कामं करणारे मजूर निघाले.

आपल्या शेजारचं घ्या. अंजनगावच्या उत्तरेला डोंगर दिसतो तो मेळघाटचा. त्याच्या पायथ्याला अचलपूर तालुक्यात पायविहीर हे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाने २०१२ मध्ये १९२ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरांवर मिळवला. या कायद्यात हद्द दाखवायचं काम ग्रामसभेचं आहे. गावाने आपल्या पायाने शीव चालायची, खुणा सांगायच्या, नकाशा जोडायचा. म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यातली शीव पुराव्याच्या दर्जाला आली. आदिवासी बांधवांनी हे करून दाखवलं. आपल्याला ई-क्लाससाठी असा कायदा नाही. पण काम करायची रीत तर घेता येते!

आता समुद्रापलीकडे चला. ज्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या काळ्या बांधवांच्या अमेरिकेत डेट्रॉइट शहर आहे. १९६८ मध्ये तिथे विल्यम बंगी नावाचा गोरा भूगोलतज्ज्ञ आणि ग्वेंडोलिन वॉरेन नावाची काळी तरुण मुलगी यांनी मिळून वस्तीतल्या पोरांना नकाशा काढायला शिकवलं. त्यांनी काढलेला एक नकाशा जगभर गाजला. गोऱ्या वस्तीतून कामावर ये-जा करणाऱ्या मोटारी काळ्या वस्तीतली पोरं कुठे कुठे चिरडतात, एवढंच त्यात दाखवलं होतं. नुसते ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक पोर. अपघात अपघात म्हणून जे विसरलं जात होतं ते ठिपके एका रस्त्यावर ओळीनं उभे राहिले. मग त्याला अपघात कोण म्हणेल? पण पुढचंही ऐका. विद्यापीठाने हात काढून घेतला आणि काही वर्षांत ते काम थांबलं. दुसऱ्याच्या हातावर चालणारी गोष्ट दुसऱ्याच्या मर्जीने बंद पडते.

२००९ मध्ये आफ्रिकेत नैरोबीच्या किबेरा झोपडपट्टीत तिथल्याच तरुण पोरापोरींनी हातात जीपीएस घेऊन गल्ल्या चालून काढल्या. तोवर नकाशात ती एवढी मोठी वस्ती कोरी होती. पाण्याचा नळ, संडास, दवाखाना, अंधारी धोक्याची जागा, सारं त्यांनी भरलं. ते त्यांनी ओपनस्ट्रीटमॅपवर टाकलं. हा नकाशा २००४ पासून लोक मिळून काढताहेत. कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, कोणीही त्यात भर घालू शकतो, कोणीही फुकट वापरू शकतो.

आपल्या देशात नकाशा काढणं म्हणजे सरकारी मक्ता होता. २०१६ मध्ये तर एका कायद्याचा मसुदा आला होता, विनापरवाना नकाशा काढाल तर शंभर कोटींपर्यंत दंड आणि तुरुंग! तो बारगळला. १५ फेब्रुवारी २०२१ पासून धोरण बदललं. भारतीय माणसाला, संस्थेला नकाशा काढायला आधी परवानगी लागत नाही. लष्करी वगैरे जागा सोडून. दार उघडलं ते कंपन्यांसाठी, हे मला माहीत आहे. पण उघडलंच आहे तर आपणही आत शिरू.

आता कामाचं बोलतो. लिहून घ्या.

पहिलं, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून आपल्या गावच्या नकाशाची नक्कल काढा. जमिनीचे कागद आणि नकाशे पाहायचा, नक्कल घ्यायचा अधिकार महसूल कायद्यातच आहे. दिली नाही तर माहितीचा अधिकार आहे. गावनकाशे आता सरकारच्या संकेतस्थळावरही दिसतात, पण शिक्क्याची नक्कल हातात असू द्या. एक-ई ची आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठ ची नक्कल त्याला जोडा.

दुसरं, म्हातारी माणसं घेऊन चाला. नुसते बाप्ये नको. पाणी कुठून येतं, बाहेर कुठे बसावं लागतं, कोणत्या वाटेने जायची भीती वाटते, हे बाईलाच माहीत असतं. तिच्याशिवाय काढलेला नकाशा अर्धा.

तिसरं, मोबाईलने जागा टिपा, पण मोबाईलची ताकद ओळखा. चांगल्या मोबाईललाही उघड्या आभाळाखाली पाचेक मीटरची चूक असते. गुंठ्याची बाजू दहा मीटर. म्हणजे अर्धा गुंठा मोबाईल खाऊन टाकतो. विहीर, स्मशान, पांदण, हातपंप, दिव्याचा खांब यांना मोबाईल पुरतो. घराच्या हद्दीला पुरत नाही. तिथे टेप धरा, चारही बाजू मोजा, शेजाऱ्याच्या सह्या घ्या. उद्या कोर्टात आपला नकाशा उलटा आपल्यावर फिरायला नको.

चौथं, जुना पुरावा आकाशातही आहे. अमेरिकेचा लँडसॅट उपग्रह १९७२ पासून पृथ्वीचे फोटो घेतो आहे, आणि २००८ पासून ते फुकट मिळतात. ऐंशीच्या दशकापासूनच्या त्याच्या फोटोत एक ठिपका तीस मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांचा. दोन एकरांचं वावर म्हणजे नऊ ठिपके. झोपडी त्यात दिसणार नाही. पण पडीक आणि वहितीतला फरक जाणकार माणूस वाचू शकतो. एवढ्यावर खटला जिंकत नाही, पण पावतीच्या आणि साक्षीच्या जोडीला तो उभा राहतो.

पाचवं, काढलेला नकाशा वस्तीत मोठ्याने वाचा. विहारासमोर कागद पसरा, प्रत्येकाला आपलं घर बोटाने दाखवू द्या. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा. खाली तारीख घाला, कोण कोण चाललं त्यांची नावं घाला. तारीख नसलेला नकाशा म्हणजे चित्र. तारीख घातली की साक्ष.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यांत नाजूक प्रश्न. हा नकाशा द्यायचा कोणाला?

संशोधक येतात. विद्यापीठाचे येतात, संस्थांचे येतात. चार दिवस वस्तीत फिरतात, फॉर्म भरून नेतात, म्हातारीचा फोटो काढतात. त्यांना पदवी मिळते. वस्तीला त्या अहवालाचं एक पानसुद्धा परत येत नाही. मी सगळ्या संशोधकांना शिव्या देत नाही. खरा अभ्यास आपल्याला हवा आहे. बाबासाहेबांएवढा संशोधक या देशात कोण झाला? पण यापुढे अट घाला: जे इथून न्याल त्याची प्रत मराठीत वस्तीला द्याल. आकडे न्याल तर मूळ आकडे इथे ठेवाल. आणि काय छापायचं, काय नाही, ते वस्ती ठरवेल.

कारण सगळंच उघड करायचं नसतं. पांदण, स्मशान, पाण्याची विहीर, शाळा, दवाखाना हे खुशाल ओपनस्ट्रीटमॅपवर टाका. ते जितक्या ठिकाणी असेल तितकं बरं. एका दप्तरातला कागद जाळता येतो, हजार ठिकाणची नोंद जाळता येत नाही. पण कोणतं घर कोणत्या जातीचं, कोण एकटी बाई कुठे राहते, ई-क्लासवर कोणाचं किती वावर, ही यादी वस्तीच्या कुलुपात राहिली पाहिजे. दंगलीच्या वेळी घरं शोधायला यादीच लागते, हे आपण विसरायचं नाही. निष्कासनालाही यादीच लागते. सामाईक गोष्टी उघड, माणसांच्या गोष्टी वस्तीच्या हातात. एवढं सूत्र धरा.

नावाचंही एक सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. चांगलं झालं. ते नाव कोणाच्या तोंडी पुन्हा यायला नको. पण पाटी बदलली म्हणून जागा बदलली का? क्रांतीनगर अजून गावाच्या त्याच कोपऱ्यात, नाल्याच्या त्याच काठी, शेवटच्या खांबाच्या पलीकडे असेल तर नुसत्या नावाने काय होतं? नवीन नाव नकाशावर लिहा, आणि नळ कुठे थांबला तेही लिहा. दोन्ही एकाच कागदावर दिसू द्या. ग्रामसभेत तोच कागद ठेवा आणि विचारा, समता कुठे आहे, बोट ठेवून दाखवा.

मित्रांनो, शीव राखणारा आपला आजा रात्री काठी घेऊन फिरला. शिवेचा साक्षीदार म्हणून गावाला तो लागत होता, माणूस म्हणून नको होता. त्याचं ते ज्ञान आपण वेठबिगारीबरोबर फेकून दिलं. वेठबिगारी फेकली ते बरोबर केलं. ज्ञान मात्र आपलंच होतं. ते परत घ्या. फरक एवढाच, की आता ती शीव पाटलासाठी राखायची नाही.

इथे जितक्या गावांची पोरं बसली आहेत, त्यांनी जाण्याआधी आपल्या गावाचं नाव लिहून द्यावं. या आठवड्यात नकलेचा अर्ज पडला पाहिजे. चुना मारायला माणूस गावात येईल तेव्हा वस्तीतलं कोणीतरी तिथे उभं असलं पाहिजे, हातात आपला कागद घेऊन.

जय भीम!